सागाचे झाड कोणाचे?

पावसाळा लागला की सागाला नवी पालवी फुटते. त्यातले एक कोवळे पान खुडून दोन तळहातांमध्ये चोळले, तर हात लालभडक होतात. खेड्यातल्या मुलांना हा खेळ ठाऊक असतो. शहरातल्या अनेक शाळांच्या आवारातही आता सागाची झाडे असतात, तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांनाही तो करून पाहता येईल. हेच पान पुढे सुपाएवढे वाढते, खरखरीत होते, आणि मग गुरे त्याला तोंड लावत नाहीत. जंगलाशेजारच्या वस्त्यांमध्ये या पानांनी झोपड्या शाकारतात, पावसात डोक्यावर धरायलाही ते चालते. पण सागाचा इतिहास घडला तो पानामुळे नव्हे, लाकडामुळे. हा इतिहास विज्ञानाच्या तासाला सांगायचा की इतिहासाच्या, असा प्रश्न पडावा इतकी त्यात दोन्हींची सरमिसळ आहे. दोनशे वर्षांत भारतातली वनविद्या उभी राहिली ती बरीचशी या एका झाडाभोवती, आणि त्या सगळ्या काळात एक प्रश्न पुन्हा पुन्हा वर आला : रानात आपोआप उगवलेल्या सागावर मालकी कोणाची?

आधी झाडाची ओळख करून घेऊ. साग मूळचा भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस या चार देशांतला. जावा बेटावर त्याची मोठी वने आहेत, पण तिथे तो काही शतकांपूर्वी माणसाने नेला असावा, असे मानले जाते. आपल्याकडे दक्षिण राजस्थानापासून केरळापर्यंत तो आढळतो. संस्कृतात त्याला ‘शाक’ म्हणतात. ‘साग’ हा शब्द त्यातूनच आला, आणि अरबी व्यापाऱ्यांचा ‘साज’ही भारतातूनच तिकडे गेला. मल्याळममधील ‘तेक्कु’ पोर्तुगिजांच्या तोंडी ‘तेका’ झाला आणि इंग्रजांनी त्याचा ‘टीक’ केला. १७८२ मध्ये धाकट्या लिनियसने त्याला ‘टेक्टोना ग्रँडिस’ हे शास्त्रीय नाव दिले. पूर्वी त्याची गणना निर्गुडीच्या कुळात होत असे. आता तो तुळशीच्या कुळात घालतात. तुळशीची मंजिरी आणि सागाचा तुरा शेजारी ठेवून पाहिले, तर हे एकदम पटत नाही, पण फुले भिंगाखाली धरली की थोडे पटू लागते.

सागाला दोन गोष्टी लागतात, भरपूर ऊन आणि वर्षातून तीन ते पाच महिन्यांचा कोरडा काळ. दाट सावलीत त्याचे रोप जगत नाही. म्हणून सदाहरित जंगलाच्या गर्द भागात साग दिसत नाही. पानझडी जंगलात, मोकळ्या उतारावर तो दिसतो. उन्हाळ्याच्या सुमारास तो निष्पर्ण होतो. फुले येतात ऐन पावसाळ्यात. एकेका तुऱ्यात हजारो पांढरी फुले असतात, पण फळ धरते ते त्यातल्या अगदी थोड्यांना. फळ कागदी फुग्यासारख्या आवरणात असते. त्याच्या आत लोकरीसारखा थर आणि त्याच्याही आत हाडासारखी कठीण आठळी. आठळीत चार कप्पे असतात, पण बी सापडते एखाद्-दुसऱ्या कप्प्यातच. या आठळीने पुढे एका कलेक्टरला कसे रडकुंडीला आणले, ते येईलच.

लाकडाचा टिकाऊपणा फार जुन्या काळापासून माहीत होता. कार्ल्याच्या चैत्यगृहात गेलात, तर छताकडे जरूर पाहा. दगडी कमानीला लाकडाच्या वाकवलेल्या फासळ्या बसवलेल्या आहेत. त्या सागाच्या मानल्या जातात आणि सुमारे दोन हजार वर्षे मावळचा पाऊस सोसून आहेत. तांबड्या समुद्राच्या काठी, इजिप्तमधील बेरेनिके या रोमन काळातल्या बंदरात १९९४ पासून उत्खनन झाले, तिथेही सागाचे लाकूड मोठ्या प्रमाणावर मिळाले. मोडीत निघालेल्या जहाजांचे वासे घरांत नि देवळांत पुन्हा वापरलेले होते. इजिप्तमध्ये साग उगवत नाही. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरचे लाकूड तेव्हाही समुद्र ओलांडत होते.

हे लाकूड टिकते कशामुळे? सागाच्या मधल्या पक्क्या लाकडात तेलकट द्रव्ये असतात. त्यातले टेक्टोक्विनोन हे वाळवीला मानवत नाही. लाकडात सिलिकाही असते. करवतीची धार लवकर बोथट होते, अशी सुतारांची तक्रार असते ती त्यामुळे. शिवाय वाळताना साग फारसा आकसत नाही, पिळवटत नाही. जहाज बांधणाऱ्यांना आणखी एक गुण मोलाचा वाटे. इंग्लंडमध्ये जहाजे ओक वृक्षाच्या लाकडाची करीत. ओकमधील आम्लांमुळे लोखंडी खिळे नि बोल्ट गंजत आणि त्यांच्याभोवतीचे लाकूड कुजे. सागात ठोकलेले लोखंड मात्र वर्षानुवर्षे शाबूत राही.

शिवशाहीला याचे महत्त्व कळले होते, कारण आरमाराशिवाय कोकण राखता येत नव्हते. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाबद्दल एक प्रकरणच आहे. (हा मजकूर पुष्कळदा शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून छापला जातो. धोरण त्यांच्या काळापासूनचे असले, तरी ग्रंथ अमात्यांचा आहे, हे विद्यार्थ्यांना सांगायला हवे.) राज्यातल्या रानातला साग वगैरे लाकूड हुजुरांच्या परवानगीने तोडावे, अधिक लागेल ते परमुलखातून विकत आणावे, आणि आंबा-फणसांना हात लावू नये, असा त्याचा आशय आहे. आंबा-फणस वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ते लेकरांसारखे वाढवलेले असतात, हे कारण तिथे दिले आहे. त्यातला फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. लावलेले झाड लावणाऱ्याचे, ते हवे असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावे. रानातला साग मात्र राज्याचा.

इंग्रजांनी मुंबईत हेच काम फार मोठ्या प्रमाणावर केले. १७३६ साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी जहाजबांधणीकार मुंबईत आले आणि पुढे शतकभराहून अधिक काळ मुंबईची गोदी वाडिया घराण्याच्या हाती राहिली. गोदीत लागणारा साग मलबारातून आणि गुजरातच्या बाजूने समुद्रमार्गे येई. १८१३ साली इथे बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवर १८४२ मध्ये चीनने नानकिंगच्या तहावर सही केली, आणि त्या तहाने हाँगकाँग ब्रिटिशांना दिले. १८१७ साली मुंबईत पाण्यात सोडलेली ‘ट्रिंकोमाली’ अजूनही तरंगते आहे. इंग्लंडमधील हार्टलपूलला ती संग्रहालय म्हणून ठेवली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नेपोलियनशी युद्ध चालू असताना इंग्लंडमध्ये ओक कमी पडू लागला. लंडनहून विचारणा झाली की मलबारात साग किती आहे? उत्तर शोधण्यासाठी १८०६ साली कॅप्टन वॉटसन या पोलीस अधिकाऱ्याची भारतातला पहिला वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. पहिला वनसंरक्षक हे पद ऐकायला चांगले वाटते, पण त्याचे काम राखण्याचे कमी आणि मिळवण्याचे अधिक होते. १८०७ च्या जाहीरनाम्याने साग हा सरकारचा, असे ठरले. मलबारात रानांवर खासगी मालकी होती आणि लाकडाचा व्यापार जुना होता. मालक, व्यापारी आणि चुलीला लाकूड आणणारे गरीब, सगळेच एकाच वेळी गुन्हेगार ठरू लागले. तक्रारी इतक्या वाढल्या की १८२३ मध्ये मद्रासचा गव्हर्नर टॉमस मन्रो याच्या काळात हे पद रद्दच झाले. मग खासगी तोड मोकाट सुरू झाली आणि वीस वर्षांत नदीकाठचा चांगला साग संपला. मुंबईच्या गोदीला मग दुसरी ठिकाणे हवी होती. १८४२ च्या सुमारास डांगच्या भिल्ल राजांकडून तिथली जंगले पट्ट्याने घेण्यात आली. आहव्याला दरवर्षी भरणाऱ्या डांग दरबारात त्या राजांच्या वंशजांना आजही मानधन दिले जाते, त्याचे मूळ या व्यवहारात आहे.

रानातला साग पुरत नसेल, तर तो पेरता येईल का? मलबारचा कलेक्टर हेन्री कोनोली याने १८४० नंतर निलांबूरला जमीन पट्ट्याने घेऊन हा प्रयोग सुरू केला. बी उगवेचना. कवचासकट पेरले, कवच काढून पेरले, जाळलेल्या जमिनीत पेरले, सावलीत पेरले. पहिली दोन-तीन वर्षे हाती काही लागले नाही. रानात तर हेच बी आपोआप उगवत होते. याचे कारण आज समजते. आठळीचे कवच कठीण असते, आणि एकदाच भिजवून ते उघडत नाही. रानात बी पडते हिवाळ्यात. मग उन्हाळाभर ते तापते, वळवाच्या सरीने भिजते, पुन्हा वाळते. असे काही वेळा झाले की कवच सैल होते. रोपवाटिकेत आजही आठवडा-दोन आठवडे बी रात्री भिजवून दिवसा उन्हात वाळवतात, ती या निसर्गक्रमाचीच नक्कल. शाळेत करून पाहायला हा प्रयोग उत्तम आहे. दोन वाफे करावे, एकात तसेच बी आणि दुसऱ्यात भिजवले-वाळवलेले बी टाकावे, आणि मुलांना महिनाभर मोजणी ठेवायला सांगावे. अर्थात भिजवलेले बीसुद्धा सगळे उगवत नाही, आणि ते का, याचे उत्तर वर सांगितलेल्या रिकाम्या कप्प्यांत आहे.

निलांबूरचे कोडे १८४४ च्या सुमारास सुटले. भिजवलेले बी वाफ्यांत पेरून पावसाच्या तोंडाशी रोपे लावण्याची पद्धत बसली. इंग्रजी पुस्तकांत कोनोलीचे नाव येते. पण प्रत्यक्ष काम चालवले ते चातू मेनन या स्थानिक अधिकाऱ्याने. १८६२ पर्यंत त्याने दहा लाखांहून अधिक सागाची झाडे उभी केली. कोनोली १८५५ सालीच मारला गेला. मलबारातील मापिला शेतकरी आणि जमीनदार-सरकार यांच्यातल्या तेढीचा तो बळी. त्याचे बागांचे काम मात्र चालू राहिले. त्या लागवडीतील बराच भाग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तोडला गेला. चालियार नदीच्या काठी २.३१ हेक्टरांचा एक तुकडा राखून ठेवला आहे. १८४६ साली लावलेली झाडे तिथे अजून उभी आहेत. जवळच केरळ वन संशोधन संस्थेने १९९५ मध्ये सागाचे संग्रहालय उघडले.

याच सुमारास सागाच्या इतिहासाचा मुख्य रंगमंच ब्रह्मदेशाकडे सरकला. तिथल्या राजांनी साग हा राजवृक्ष ठरवला होता. १८५२ च्या युद्धानंतर पेगू प्रांत इंग्रजांकडे आला आणि त्यांनीही सगळा साग सरकारचा, हा नियम तसाच उचलला. १८५६ साली तिथल्या जंगलांवर डीट्रिख ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ नेमला गेला. तो हत्तीवर बसून रानातून सरळ रेषेत जाई. हातात चार काठ्या, दुसऱ्या हातात चाकू. वाटेजवळ साग दिसला की त्याच्या जाडीप्रमाणे त्या त्या काठीवर एक खाच. संध्याकाळी मुक्कामाला खाचा मोजून वहीत लिहायच्या. नमुन्यावरून संपूर्ण जंगलाचा अंदाज बांधण्याची ही रीत आज शाळेतल्या संख्याशास्त्रातही शिकवतात. त्या काळी ती जंगलात नवी होती. सहा फूट आणि त्याहून अधिक घेराची झाडे पहिल्या वर्गात. दुसऱ्या वर्गातली झाडे तेवढी व्हायला सुमारे २४ वर्षे लागतील, असा त्याने हिशेब केला आणि दरवर्षी पहिल्या वर्गातली चोविसाव्या हिश्शाचीच झाडे तोडावी, असे ठरवले. व्याज घ्यावे, मुद्दलाला हात लावू नये, असा हा नियम. ब्रह्मदेशात तोडही एकदम करीत नसत. बुंध्याभोवती साल आणि कच्चे लाकूड गोल कापून झाड उभ्या उभ्या वाळू देत, कारण ओला साग पाण्यावर तरंगत नाही आणि ओंडके तर नदीतूनच न्यायचे होते.

ब्रँडिसची अडचण वेगळीच होती. ज्या डोंगरांत साग होता, तिथेच करेन लोक राहत. ते जंगलाचा तुकडा तोडून, जाळून त्यात भात पेरीत आणि एक-दोन वर्षांनी पुढच्या तुकड्याकडे जात. आपल्या कोकणातली दळी किंवा गडचिरोलीकडचा पेंदा ही याच प्रकारची शेती. तोडलेल्या तुकड्यात साग असला, तर करेनांवर खटले भरले जात. ब्रँडिसने त्यातून तोडगा काढला. तुम्ही रान तोडा, जाळा, भात पेरा, पण भाताबरोबर ओळीने सागाची रोपेही लावा; जगलेल्या रोपांमागे पैसे मिळतील. डोंगरशेतीला ब्रह्मी भाषेत ‘तौंग्या’ म्हणतात, आणि याच नावाने ही पद्धत पुढे आशिया-आफ्रिकेतल्या अनेक देशांत गेली. सरकारला अत्यंत स्वस्तात लागवड मिळाली. करेनांना काय मिळाले? काही वर्षे भात आणि थोडे पैसे. रोपे मोठी झाली की ती जमीन सरकारी रान होई आणि तिथे पुन्हा शेती करता येत नसे. आपल्या हाताने लावलेल्या झाडांनीच त्यांना त्या जमिनीबाहेर काढले, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही.

पण ‘जाळणे’ या शब्दाची गोष्ट इथे संपत नाही, आणि मला ती या इतिहासातली सर्वांत बोधक वाटते. वनखात्याच्या अधिकाऱ्यांना वणवा म्हणजे जंगलाचा शत्रू असे शिकवलेले असे. ब्रह्मदेशातल्या उत्तम सागवनांत त्यांनी मोठा खर्च करून अनेक वर्षे आग येऊ दिली नाही. मग दिसू लागले की मोठे साग जोमात आहेत, पण त्यांच्याखाली सागाची पोरे नाहीत. ओलसर रानात आग थांबली की सावली सहन करणारी सदाहरित झाडे आणि बांबू जमीन व्यापतात, आणि ऊन हवे असलेल्या सागाच्या रोपाला जागा राहत नाही. आग आली की ही गर्दी जळते. सागाचे रोपही जळते, पण त्याचे मूळ जमिनीत जिवंत राहते, दर वर्षी जाड होत जाते, आणि एखाद्या वर्षी त्यातून असा कोंब येतो की तो आगीच्या उंचीपलीकडे निघून जातो. १८९६ साली एच. स्लेड या वनाधिकाऱ्याने ‘इंडियन फॉरेस्टर’ या मासिकात लेख लिहून आगीपासून अतिसंरक्षण होत असल्याचे उघड सांगितले. खात्यात त्यावर वाद झाला. अखेर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रह्मदेशाच्या ओलसर सागवनांतून आगप्रतिबंध मागे घ्यायला सुरुवात झाली. ज्या जाळण्यासाठी करेनांना दोष दिला गेला होता, त्या जाळण्याचाही त्या सागवनाच्या घडणीत वाटा होता. यावरून कोणी असे मात्र समजू नये की आपल्याकडे वणवे लावावे. विदर्भाच्या कोरड्या पानझडी जंगलात दर वर्षीची आग माती उघडी पाडते आणि रोपे मारते. ओलसर रानातला नियम कोरड्या रानाला लागू पडत नाही. रोपाच्या मुळाची ही चिकाटी मात्र आपले वनखाते वापरते. रोपवाटिकेत वर्षाचे रोप उपटून त्याचा शेंडा जवळजवळ सगळा छाटतात आणि जाड मूळ तेवढे लावतात. त्याला ‘सागजडी’ म्हणतात.

ब्रह्मदेशाच्या सागाचा एक धागा थेट रत्नागिरीला येऊन पोचतो. १८६३ साली स्थापन झालेली बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही मुंबईची कंपनी उत्तर ब्रह्मदेशात थिबा राजाच्या जंगलातून साग काढीत असे. ठरल्यापेक्षा जास्त ओंडके नेल्याचा ठपका ठेवून १८८५ साली राजाच्या दरबाराने तिला तेवीस लाख रुपये दंड केला. फ्रेंचांचा तिथे वाढता वावर इंग्रजांना आधीच खुपत होता. त्यांना निमित्त मिळाले. नोव्हेंबरात युद्ध झाले, ते जेमतेम दोन आठवडे चालले. १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश साम्राज्यात विलीन झाला आणि थिबाला रत्नागिरीला आणून ठेवले. १९१० मध्ये त्याच्यासाठी तिथे राजवाडा बांधला गेला, त्याच्या बांधकामात ब्रह्मदेशी साग वापरला आहे. १९१६ साली तो तिथेच वारला. सहलीला थिबा पॅलेस पाहणाऱ्या मुलांना ओंडक्यांच्या दंडाची ही हकिकत सांगितली, तर त्या इमारतीचा अर्थ बदलतो.

आता आपल्या डोंगरांकडे वळू. ब्रँडिस १८६४ मध्ये भारताचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. गावांची स्वतंत्र वने असावी, असे त्याचे मत होते. बेडन-पॉवेल या दुसऱ्या अधिकाऱ्याचे मत होते की जंगलावर सरकारचीच पूर्ण मालकी असावी. १८७८ च्या कायद्यात मुख्यतः हे दुसरे मत उतरले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत याचा फटका लगेच बसला. तिथले शेतकरी भाताची रोपे काढण्यासाठी राब भाजत. त्यासाठी रानातून टहाळ, पालापाचोळा आणावा लागे. तो आणणे आता गुन्हा ठरू लागले. १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनी जंगलखात्यावर जे कोरडे ओढले आहेत, त्याला ही पार्श्वभूमी आहे. तक्रारी एवढ्या झाल्या की मुंबई सरकारला १८८५ साली एक वनआयोग नेमावा लागला. राब भाजू द्यावा की नाही, हा त्याच्यापुढचा एक मोठा विषय होता.

स्वातंत्र्यानंतर मालक बदलला, झाडाविषयीचा दृष्टिकोन फारसा बदलला नाही. मिश्र जंगल तोडून त्या जागी फक्त साग लावण्याचा कार्यक्रम वनविकास महामंडळांनी अनेक राज्यांत चालवला. हिशेबाच्या वहीत हे फायद्याचे दिसते. मिश्र जंगलात मोह, तेंदू, चार, ऐन, हिरडा असतात. त्यातून फुले, फळे, पाने, चारा, औषध मिळते, ते वहीत येत नाही. सागाची लागवड गुरांना चारा देत नाही आणि माणसांना खायला काही देत नाही. तिच्याखाली झुडपे विरळ असतात, आणि मोठ्या पानांवर साठलेले पाणी जाड थेंबांनी उघड्या जमिनीवर पडून माती धुऊन नेते. किडींना तर एकाच जातीचे ताटच वाढलेले असते. ‘हिब्लिया प्युरा’ या पतंगाच्या अळ्या पावसाळ्याच्या आरंभी कोवळी पाने फस्त करतात. निलांबूरच्या तरुण लागवडीत केरळच्या संशोधकांनी मोजले, तेव्हा या अळ्यांमुळे लाकडाची वाढ ४४ टक्क्यांनी कमी होत असल्याचे दिसले. दुसरी एक अळी पावसाळा संपताना पानातला हिरवा भाग खाऊन शिरांची जाळी ठेवते. सप्टेंबर-ऑक्टोबरात विदर्भातली सागवने करपल्यासारखी तपकिरी दिसतात, ती बहुधा तिच्यामुळे. झाड सहसा मरत नाही, वाढ तेवढी खुंटते.

१९७८ मध्ये तेव्हाच्या बिहारातील सिंगभूम जिल्ह्यात या धोरणाचा स्फोट झाला. सालाची जंगले तोडून साग लावला जात होता. साल हा तिथल्या आदिवासींचा देववृक्ष. त्याचे बी, पाने, राळ यांवर त्यांची गुजराण. आदिवासींनी सागाच्या रोपवाटिका उखडल्या, लागवडी तोडल्या. साल म्हणजे झारखंड आणि साग म्हणजे बिहार, अशी घोषणाच झाली. झाडे तोडणारे जंगलाचे शत्रू, असे वर्तमानपत्रांतून लिहिणे सोपे होते. कोणते झाड आणि कोणासाठी, हा त्यांचा प्रश्न होता.

साग आणि हिशेब यांची आणखी एक जोडी १९९० च्या दशकात पाहायला मिळाली. थोडे पैसे भरा, वीस वर्षांनी सागाचे मोठे धन घ्या, अशा जाहिराती करणाऱ्या कंपन्यांचे पेव फुटले. पगारदार माणसांनी, त्यात शिक्षकही पुष्कळ, पैसे गुंतवले. पण वीस वर्षांच्या सागात मधले पक्के लाकूड थोडे आणि बाहेरचे कच्चे पांढरे लाकूडच जास्त; भाव मिळतो तो पक्क्या लाकडाला. ब्रँडिसची सहा फुटी झाडे वीस वर्षांत होत नसतात. पुढे बऱ्याच योजना बुडाल्या आणि १९९९ साली सेबीने सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम केले.

सागाचा एक उपयोग मात्र असा आहे की त्याचा भाव ठरत नाही. उष्ण प्रदेशातल्या फारच थोड्या झाडांत वार्षिक वलये स्पष्ट दिसतात. साग त्यांपैकी एक. वर्षाच्या आरंभी तयार होणाऱ्या लाकडात मोठी छिद्रे असतात, नंतरच्या लाकडात बारीक. लाकडाच्या वखारीत ओंडक्याचे ताजे कापलेले टोक ओले करून पाहिले, की वलये नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. जावातल्या सागाच्या वलयांची १५१४ पासूनची मालिका १९३१ सालीच प्रसिद्ध झाली होती. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात ठाणे परिसरातल्या सागाच्या वलयांचा अभ्यास केला. पुढे २०१० साली त्यांनी केरळच्या सागाची १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका मांडली. पाऊस कमी पडला त्या वर्षांची वलये अरुंद आहेत, आणि त्यातली बरीच वर्षे एल निनोची आहेत. पर्जन्यमापकाच्या नोंदी भारतात दोनशे-सव्वादोनशे वर्षांपलीकडे जात नाहीत. सागाने त्याआधीचीही नोंद ठेवली आहे. अशी जुनी झाडे मुळात फार थोडी उरली आहेत. आलापल्लीजवळ ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ या नावाने नैसर्गिक जंगलाचा एक छोटा तुकडा राखला आहे. २०१४ साली त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. म्यानमारने २०१४ मध्ये कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केली, ती तिथली जंगले विरळ झाल्यामुळेच.

आणि मालकी? महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार स्वतःच्या शेतातला सागही परवानगीशिवाय तोडता येत नाही. आदिवासींच्या मालकीची झाडे व्यापारी कवडीमोलाने नेत, म्हणून त्यांच्या विक्रीसाठी १९६९ साली वेगळा कायदा करावा लागला. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांना त्यांच्या जंगलावर सामूहिक हक्क दिले. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टरांवर असा हक्क मिळाला, आणि २०११ पासून तिथला बांबू ग्रामसभेच्या स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बाहेर जाऊ लागला. कायद्यातल्या गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू आहे, तेंदू आहे, मध आहे. इमारती लाकूड त्यातून वगळले आहे, आणि त्याबरोबर सागही.